आत्यांचा फोन स्पीकरवर असतो

माझी नात चार वर्षांची होती, तेव्हाची गोष्ट. दुपारी घरी आली की ती दप्तर दारातच टाकायची, दोन्ही हात कमरेवर ठेवायची आणि म्हणायची, “आई गं! आता नाही होत बाई माझ्याच्यानं.” मग सोफ्यावर बसून गुडघे चोळायची. गुडघ्यांना काहीही झालेले नसायचे.

परदेशात राहणाऱ्या आमच्यासारख्या घरांची तक्रार ठरलेली असते. मुलांना मराठी समजते, पण ती बोलत नाहीत. प्रश्न मराठीत विचारावा, उत्तर इथल्या भाषेत यावे. आमची तक्रार उलटी होती. आमची नात मराठी बोलायची, अखंड बोलायची, पण पासष्ट वर्षांच्या बाईसारखी. समोरच्या जिन्यातल्या डेंटिस्टबाईंची जुळी मुले, एक मुलगा आणि एक मुलगी, तीही तशीच. मुलगा झोपाळ्यावरून पडला की रडायच्या आधी म्हणायचा, “सुख म्हणून नाही माझ्या नशिबात.” हीच तिघे बागेतल्या बाकीच्या मुलांशी इथल्या भाषेत भांडू लागली की अगदी चार वर्षांची व्हायची. भाषा बदलली की वय बदलायचे.

याचे सगळे श्रेय आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या आत्यांना. त्या आत्या खऱ्या एकाच माणसाच्या, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या भाच्याच्या. हा भाचा शहरभरच्या लिफ्ट चालू ठेवतो. आमच्या इमारतीची तेवढी बंद असते, कारण ती त्याच्या कंपनीकडे नाही. तो आत्या म्हणतो म्हणून सगळी इमारत आत्या म्हणते. खालच्या दुकानातली बाई मराठीचा एक शब्द न येता त्यांना आत्याच म्हणते आणि तिला ते त्यांचे नाव वाटते.

आत्यांनी उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. कानाला हेडफोन, समोर वायरींचे जंजाळ, आणि दिवसभर दुसऱ्यांचे कॉल जोडून द्यायचे. स्वतः बोलायचे ते “नंबर सांगा” आणि “बोला”. जोडून दिल्यावर संभाषण ऐकायचे नाही असा तिथला नियम होता. मी एकदा विचारले, “मग तुम्ही खरंच ऐकत नव्हता?”

“नियम होता हो,” आत्या म्हणाल्या. “पण कानही होते.”

यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हते. निवृत्तीनंतर त्या धाकट्या बहिणीकडे पुढच्या खोलीत राहत होत्या. मग बहिणीचा दीर बदलीवरून परत आला आणि पुढची खोली त्याची झाली. तेवढ्यात भाच्याने इकडे बोलावले. त्याला घरचे जेवण हवे होते आणि त्यांना खोली.

आमच्या सुनेने नातीला त्यांच्याकडे ठेवायचे ठरवले, तेव्हा मी बरोबर होतो. सून औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दिवसभर पांढरा कोट घालून उभी असते आणि लोकांना कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर ते इथल्या भाषेत सांगत असते. म्हणून की काय, घरात मराठीच, हा तिचा हट्ट. मुलगा माझा असला तरी त्याला हट्ट वगैरे नाहीत, तो हो म्हणतो.

आत्यांनी आमचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आधीच सांगते, मला मुलांची आवड नाही. गाणीबिणी येत नाहीत, गोष्टी येत नाहीत. वेळेवर जेवायला घालीन, पडू देणार नाही, आणि चड्डी ओली केली तर बदलीन. बघ बाई, जमतंय का.”

जमले. पुढे डेंटिस्टबाईंची जुळीही येऊ लागली. आणि काही महिन्यांत तिघांच्या तोंडून मराठी असे वाहू लागले की दोन्ही आयांना वाटले, आत्यांची शिकवण्याची काही खास पद्धत आहे.

पद्धत होती. मी हल्ली अर्धाच दिवस कामावर जातो, टाइल्सच्या एका गोदामात हिशेब बघतो, आणि दुपारी नातीला आणायला मीच जातो. त्यामुळे ती पद्धत मला रोज दिसायची.

आत्या भाजी चिरायला बसल्या की फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायच्या, स्पीकर चालू करायच्या आणि बहिणीला व्हिडिओ कॉल लावायच्या. तिकडे बहीणही, म्हणजे मुलांची फोनमावशी, काहीतरी निवडत बसलेली. फोन ठेवण्याचा प्रश्नच नसायचा. आत्या कपडे वाळत घालायला गेल्या तरी चालू, बहीण दार उघडायला गेली तरी चालू. कधी कधी दोन्हीकडे कोणी नसायचे आणि दोन स्वयंपाकघरे एकमेकांकडे नुसती बघत बसायची. जन्मभर दुसऱ्यांचे कॉल जोडून दिल्यावर आत्यांनी स्वतःचा एक जोडला होता, तो त्या तोडायला तयार नव्हत्या.

मुले टेबलाखाली ठोकळे लावत बसलेली. आत्या त्यांच्याशी फारशा बोलत नसत, त्यांच्या डोक्यावरून बोलत. आणि लहान मुलांचे एक असते. “हे बघ हं बाळा, हा हत्ती,” म्हटले की ती दुसरीकडे बघतात. पण “हळू बोल, पोरं ऐकतायत,” असे म्हटले की ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचासुद्धा आवाज होत नाही.

बोलण्याचा मुख्य विषय म्हणजे भाऊजी. भाऊजी म्हणजे बहिणीचा तोच दीर, पुढची खोली पटकावलेला. पन्नाशीपर्यंत लग्न नको म्हणणाऱ्या या गृहस्थांना आता लग्न करायचे होते. बहीण त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून आत्याही म्हणायच्या, म्हणून मुलेही. त्या तिघांनी त्यांना कधी पाहिले नव्हते, पण काळजी सख्ख्या माणसाची करायची. एकदा नात जेवता जेवता सुस्कारा टाकून म्हणाली, “भाऊजींना परत नकार आला. केस काळे करून गेले होते, पण त्या लोकांनी उन्हात उभं केलं ना!”

“कोण गं हे भाऊजी?” सुनेने विचारले.

“आहेत एक. स्वभाव चांगला आहे, पण घोरतात.”

सुनेला वाटले, आत्या सांगत असलेली एखादी गोष्ट असेल. ती कौतुकाने हसली. मी भातात तोंड घातले.

गाडी अडली ती पोळीवर. एका रात्री नातीने ताटातली पोळी उचलून दिव्यासमोर धरली, इकडून तिकडून पाहिली आणि म्हणाली, “आत्या फोनमावशीला सांगत होती, औषधवालीच्या पोळीला चार कोपरे असतात. डबा उघडला की नकाशाच निघतो.”

“औषधवाली कोण?”

“कोण म्हणजे? तूच की.”

माझा मुलगा हसला. ती त्याची चूक. सुनेने त्याच्याकडे पाहिले आणि तो पाणी प्यायला उठला तो बराच वेळ पाणी पीत राहिला.

त्याच आठवड्यात जुळ्यांनी आपल्या घरी बातमी दिली की दातवाली दिवसभर दुसऱ्यांना आ करायला लावते, पण शेजारणीला बघून हसायचं म्हटलं तर हिचे दात दिसत नाहीत. डेंटिस्टबाई आमच्याकडे आल्या. दोघी आत खोलीत दार लावून बोलल्या. नंतर सून मला म्हणाली, “बाबा, उद्या मी तुमच्याबरोबर येणार आहे खाली.”

दुसऱ्या दिवशी आत्यांनी चहा टाकला. सुनेने तो घेतला नाही.

“आत्या, राग मानू नका. मुलांना मराठी यावं म्हणून आम्ही तुमच्याकडे ठेवतो.”

“मग येत नाही का?”

“येतं. फारच येतं.”

“मग?”

“चहाड्या करायला शिकली आहेत ती!”

“त्या कुठल्यातरी भाषेत करायच्याच असतात गं,” आत्या म्हणाल्या. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांच्या लक्षात आले की हे बोलायला नको होते.

सुनेने आपले म्हणणे मांडले. मुले असतील तोवर फोन बंद. त्याऐवजी ती एक टॅब आणून देईल, त्यावर मुलांसाठी मराठीचा वर्ग आहे, चित्रे आहेत, गाणी आहेत, शिक्षिका आहे. आत्यांनी मुलांशी बोलायचे, पण चांगले बोलायचे. हे जमणार नसेल तर पुढच्या महिन्यापासून तिन्ही मुले स्टेशनजवळच्या पाळणाघरात जातील. डेंटिस्टबाईंनी तिथे विचारूनही ठेवले होते. त्या पाळणाघरात कोणाला मराठीचा गंधही नव्हता. सुनेला ते माहीत होते आणि सांगताना तिचाच आवाज उतरला. पण चार कोपरे तिच्या जिव्हारी लागले होते.

“बंद ठेवीन,” आत्या म्हणाल्या. “नियम म्हणजे नियम.”

सून गेल्यावर त्यांनी फोन पदराने पुसला आणि चमच्यांच्या खणात ठेवला. मग मला म्हणाल्या, “हिशेबनीस, पोरांची आवड नाही मला, हे खरंच आहे. पण ती गेली तर मी करू काय? भाचा उजाडताच जातो, येतो, जेवतो, झोपतो. भाच्याला दोन वेळचं जेवण कुठूनही मिळेल. मग मी इथं राहायचं कशाला? आणि तिकडं जायचं तर राहायचं कुठं? पुढच्या खोलीत भाऊजी!”

थंड झालेला चहा मी पिऊन टाकला, सुनेचाही.

वर्ग सुरू झाला. शिक्षिका छान होती, आवाज गोड होता. ती हत्तीचे चित्र दाखवायची आणि म्हणायची, “सांगा बरं मुलांनो, हा कोण?” आणि उत्तरासाठी थांबायची. डेंटिस्टबाईंच्या मुलाने पहिल्या दिवशी उत्तर दिले, “हत्ती. तुला दिसत नाही का?” दुसऱ्या दिवशी तिने तोच प्रश्न विचारला, तेव्हा तो आपल्या बहिणीला म्हणाला, “हिला कालच सांगितलं होतं.” त्यानंतर त्या शिक्षिकेबद्दल कोणाच्या मनात आदर राहिला नाही.

आत्यांनी चांगले बोलायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण चांगले मराठी त्या आयुष्यात एकाच ठिकाणी बोलल्या होत्या. “कृपया थांबा, दूध गरम होत आहे,” असे त्या मुलांना सांगू लागल्या. नातीने लाल ठोकळा मागितला तर म्हणाल्या, “तो सध्या दुसरीकडे व्यस्त आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा.” मुलांना वाटले, आत्या आजारी आहेत.

टेबलाखाली हळूहळू इथली भाषा शिरली. आधी ठोकळ्यांपुरती, मग भांडणापुरती आणि शेवटी रडण्यापुरती. भाषा मुलाच्या रडण्यापर्यंत पोचली की घरमालक बदलला असे समजावे.

घरीही तसेच झाले. दप्तर जागेवर जाऊ लागले, गुडघे दुखायचे थांबले. सून विचारायची, “आज काय केलं?”

“रंग.”

“कोणते?”

“लाल.”

पुढे काही नाही. सून थोडा वेळ वाट बघायची आणि मग भांडी आवरायला उठायची. एकदा तिने नातीला उगाचच विचारले, “पोळी कशी झालीय?” नातीने इथल्या भाषेत सांगितले, चांगली आहे. सून जरा हिरमुसल्यासारखी दिसली. मला काही विचारावेसे वाटले, पण सासऱ्याने पोळीच्या विषयात पडू नये.

इकडे आत्यांच्या घरी मुले त्यांच्या मागे लागली होती. फोन बंद झाला तेव्हा भाऊजींची गोष्ट अगदी टोकाला आली होती. एका चष्मेवाल्या शिक्षिकेकडून होकार यायचा होता. घोरणे तिला चालणार होते, कारण तिला कमी ऐकू यायचे. पण आईला विचारून सांगते म्हणाली होती. आणि तिथेच खण बंद झाला.

“आत्या, चष्मेवालीची आई काय म्हणाली?”

“मला माहीत नाही.”

“तू रविवारी बोललीस ना फोनमावशीशी?”

“मुलांसमोर तो विषय नाही. नियम आहे.”

एक्स्चेंजचा नियम त्यांनी उभ्या नोकरीत पाळला नाही, सुनेचा मात्र त्या आता पाळत होत्या. तिन्ही मुले त्यांच्यासमोर उभी राहून बघत राहिली. आत्यांनी भेंडीची टोके कापायच्या ऐवजी अर्धी भेंडी कापून टाकली.

आणि त्याच रात्री जेवताना आमच्याकडे ते झाले. सून पोळ्या लाटत होती, मुलगा आणि मी पानावर बसलो होतो. नात पोळीचे तुकडे करत होती. मग एकदम मराठीत म्हणाली, “आई, भाऊजींचं जमलं का गं? तू विचार ना कोणाला तरी.”

“भाऊजी? ते गोष्टीतले?”

“गोष्टीतले कुठले? पुढच्या खोलीतले! अगं, फोनमावशीचे धाकटे दीर. बदलीवरून आले आणि आत्याची खोलीच घेतली त्यांनी. आत्या काही बोलली नाही, बहिणीच्या सासरचं माणूस, काय बोलणार? मग त्यांना लग्न करायचं सुचलं. आयुष्यभर नको नको, आणि आता हवं! फोनमावशी म्हणाली, केलं तर वेगळं बिऱ्हाड करा, माझ्या घरात दोन चुली नकोत. पहिलीनं नकार दिला, ते केसांचं झालं ना. दुसरी फार शिकलेली होती, भाऊजीच घाबरले. मग चष्मेवाली आली. तिला हे पसंत आहेत, पण तिची आई म्हणजे...”

नातीने हात असा केला की तिची आई कशी आहे ते आम्हा सगळ्यांना कळले. माझ्या मुलाचा घास हातातच राहिला होता. सून लाटणे हातात धरून ओट्याशी वळून उभी होती आणि तव्यावरची पोळी करपत होती.

“मग?” सून म्हणाली.

नातीने तिच्याकडे पाहिले. “मग काय? तू फोन बंद केलास.”

करपल्याचा वास घरभर झाला. पोळी मुलाने उठून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत्यांकडे पोचलो, तर दारात सुनेचे बूट. दुकानातून सुटी घेऊन आली होती, कोट अंगावरच होता. आत्यांना वाटले, पाळणाघराचे सांगायला आली. त्या खुर्ची पुढे करेनात आणि चहाही टाकेनात. नुसत्या उभ्या.

“आत्या, फोन लावा,” सून म्हणाली.

“कोणाला?”

“तुमच्या बहिणीला. पण एक सांगते. आमच्याबद्दल बोलायचं नाही. मुलांच्या आईबापांबद्दल एक अक्षर नको.”

“बरं,” आत्या म्हणाल्या. मग जरा विचार करून, “माझ्या भाच्याबद्दल चालेल?”

“चालेल.”

चमच्यांचा खण उघडला. डेंटिस्टबाईंचा मुलगा साखरेचा डबा स्वतः घेऊन आला. फोन लागला, स्पीकर चालू झाला, आणि आत्या “हॅलो” म्हणायच्या आत तिकडून आवाज आला, “अगं ताई! आज दिवसाउजेडी कसा फोन? त्या औषधवालीनं सोडलं का तुला तुरुंगातून?”

आत्यांनी डोळे मिटून घेतले. नात टेबलाखालून बाहेर आली, फोनजवळ तोंड नेले आणि दबक्या आवाजात म्हणाली, “मावशी, हळू बोल. ती इथंच उभीय.”

तिकडून तितक्याच दबक्या आवाजात प्रश्न आला, “दिसायला कशी आहे गं?”

नातीने फोन उचलून आईकडे वळवला. आता दोघी एकमेकींना बघत होत्या. सुनेने कोट जरा सारखा केला.

“नमस्कार, मावशी.”

“नमस्कार हो. किती बारीक झालीस!” बहीण म्हणाली. तिने सुनेला याआधी कधीच पाहिले नव्हते.

“दिवसभर उभी असते ना मी,” सून म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. “ते राहू द्या. चष्मेवालीच्या आईचं काय झालं?”

बहिणीला एवढेच हवे होते. तिने हातातले सूप खाली ठेवले. होकार आला होता, त्याच सकाळी. आईची अट एकच होती, जावयाने तिच्याच इमारतीतला रिकामा ब्लॉक घ्यायचा. भाऊजी लगेच तयार झाले. दोन दिवसांत सामान हलवणार.

“म्हणजे ताई, पुढची खोली मोकळी झाली बघ,” ती म्हणाली. “आता परत ये तू. बस्स झालं परक्या देशात लोकांची पोरं सांभाळणं.”

मुलांनी आत्यांकडे पाहिले. सुनेनेही पाहिले आणि तिचा चेहरा एकदम पडला. मी दारातच होतो. मला वाटले, आता या हो म्हणणार. खोली मोकळी झाली, तिथे आपली माणसे आहेत, आपली भाषा आहे. आमच्याकडे काय होते? बंद लिफ्ट आणि तीन पोरे.

आत्यांनी भेंडी पुसायला घेतली. एक पुसली, दोन पुसल्या.

“येऊन करू काय?” त्या म्हणाल्या. “समोरासमोर आलो की आपलं तिसऱ्या दिवशी भांडण होतं. मागच्या वेळी मिठाच्या बरणीवरून तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस. आपलं पटतं ते फोनवर.”

“ते आहे म्हणा,” बहीण म्हणाली. तिला वाईट वाटल्याचे दिसले नाही. “बरं, मग ऐक. सामान हलवायला भाऊजींनी टेम्पो सांगितलाय, पण त्यांचं लोखंडी कपाट दारातून निघत नाहीये. आत नेलं तेव्हा चौकट नवीन नव्हती...”

“मग आता?” सुनेने विचारले. बोलता बोलता तिने आत्यांच्या पुढ्यातली सुरी घेतली आणि भेंडी चिरायला लागली. आत्यांनी त्या तुकड्यांकडे पाहिले. एक लांब, एक आखूड, एक तिरपा. आत्यांचे ओठ हलले, पण शब्द त्यांनी गिळले.

मी घसा खाकरून म्हणालो, “चला, निघायचं का घरी?”

एकानेही मान वळवली नाही. फक्त माझी नात टेबलाखालून म्हणाली, “आजोबा, बसायचं तर बसा. पण मधे बोलू नका.”